बालाघाटाची धार

पावसाळ्यात येडशीजवळच्या पठाराच्या कडेला उभे राहिले, की मुरमातून वाहणारे दोन ओघळ दिसतात. एक पश्चिमेला कलतो, घाटाखाली बार्शीच्या रानात उतरतो, सीनेला मिळतो आणि सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जातो. दुसरा पूर्वेला वळतो. त्याची वाट तेरणेची. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. निघताना दोघांत कधीकधी एका बांधाचेच अंतर असते. पुढे शेकडो कोस ते एकमेकांना भेटत नाहीत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर, शेजारीशेजारी असलेल्या दोन त्रिभुज प्रदेशांतून एकाच समुद्राला मिळतात.

डोंगराच्या अशा लांबट माथ्याला आपण धार म्हणतो. दुधाची धार, विळ्याची धार, पावसाची धार आणि ही डोंगराची धार. आमच्या गावाच्या नावातही ती आहे. धारासुर नावाच्या दैत्याला देवीने मारले म्हणून धाराशिव, असे गावातली जुनी माणसे सांगतात. धारासुरमर्दिनीचे देऊळ गावात आहे. मला मात्र या जिल्ह्यात पायी फिरू लागल्यापासून दर वेळी पाणी दोन्हीकडे वाटून देणारी ही डोंगरधारच आठवते.

धाराशिव जिल्ह्यात फिरायला जातो म्हटले, की पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात, तिकडे काय आहे? त्यांच्या डोळ्यांसमोर सह्याद्री असतो. ढगात गेलेले कडे, हिरवेगार कोकण, भाताची खाचरे. आमच्याकडे वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मनात येईल तेव्हा. डोंगर बसके, माथे सपाट, झाडे खुरटी. वर्षातले सात-आठ महिने सगळे पिवळे. हे सगळे खरे आहे. पण हा प्रदेश गाडीच्या काचेतून दिसत नाही. त्याचे जे काही आहे ते पायाखाली आहे, गुडघ्याइतक्या उंचीवर आहे. ते पाहायला चालावेच लागते.

बालाघाट या नावातला ‘बाला’ फारसी आहे. बाला म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट, घाटाखालचा तो पायनघाट. ही रांग हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघते, अहिल्यानगर आणि बीड ओलांडते, धाराशिव-लातूरवरून कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेकडे उतरत जाते. लांबी तीनशे किलोमीटरच्या आसपास. धाराशिव जिल्ह्यात तिची उंची समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे-सातशे मीटर भरते. पश्चिमेच्या बाजूने, म्हणजे परांडा-बार्शीकडून आलात तर तिला डोंगर म्हणावेसे वाटते, कारण समोर चढ उभा राहतो. पूर्वेच्या बाजूने, तेर-ढोकीकडून आलात तर डोंगर लागलाच नाही असे वाटते. जमीन हळूहळू चढत असते, आणि एकदम पुढे कडा येतो, खाली दरी.

असे का? उत्तर खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन:पुन्हा. एक थर थंड होऊन घट्ट झाला की त्यावर दुसरा. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या खडकाने झाकलेला आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा काळ्या खडकाची जाडी ३३८ मीटर भरली. त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला.

प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. काही थर घट्ट, ठोकले तर घणघणणारे. काही सच्छिद्र. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरली. हा सच्छिद्र थर लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो. घट्ट थर मात्र टिकून राहतो. म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. या खडकाला भूशास्त्रात जे ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलेला आहे. चालणाऱ्याला हे पुस्तकातून कळायची गरज पडत नाही. चढताना दम लागला की कडा, दम परत आला की सपाटी. दोन थरांच्या मधे कुठेकुठे तांबड्या मातीचा वीतभर पट्टा दिसतो. एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून झालेली ती माती. पुढच्या लाव्ह्याने तिला भाजून लाल केले. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे थांबून पाहा, हा लाल पट्टा बरेचदा दिसतो.

माथ्यावर मातीचा थर पातळ. बोटभर माती, खाली मुरूम. त्याला आम्ही बरड म्हणतो, माळ म्हणतो. इथे पीक घ्यायचे तर हुलगा-मटकी किंवा पावसाच्या जिवावर थोडी बाजरी. खाली लवणात आणि ओढ्याकाठी मात्र काळीभोर भारी जमीन. हजारो वर्षे माळाची माती वाहून वाहून तिथे जमली. मालदांडी ज्वारी त्या ओलीवर येते. पावसाळा संपल्यावर पेरलेले पीक एकाही पावसाशिवाय थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर उभे राहते, ते या काळ्या मातीत पाणी धरून ठेवायची ताकद आहे म्हणून. एका दिवसाच्या चालीत तुम्ही बरडावरून काळीत उतरता, ओढा ओलांडता आणि पुन्हा बरडावर चढता. पावलाचा आवाज बदलतो. मुरमावर करकर, काळीत काहीच नाही.

धाराशिव शहरातून निघायचे असेल तर हातलाईचा डोंगर सगळ्यांत सोयीचा. गावाला लागून आहे, वर देवीचे देऊळ, खाली तळे. सकाळी गावातली निम्मी फिरणारी माणसे तिकडेच असतात. पण माझी आवडती चाल लेण्यांची. शहरापासून आठेक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत धाराशिवची लेणी आहेत. एकूण सात. त्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा मंडप सुमारे ऐंशी फूट लांब आणि तितकाच रुंद, भोवती भिक्षूंसाठी चौदा खोल्या. या लेण्याची मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांशी जुळते. आज आत जैन मूर्ती आहेत, नागफण्याचे पार्श्वनाथ आहेत. मुळात ही लेणी बौद्ध की जैन यावर अभ्यासकांत बराच वाद झालेला आहे. अपभ्रंश भाषेतल्या ‘करकंडचरिउ’ या काव्यात मुनी कनकामर यांनी तेरनगराजवळच्या डोंगरातल्या जुन्या लेण्याची आणि करकंड राजाने ती दुरुस्त केल्याची कथा सांगितली आहे. म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीही ही लेणी जुनीच समजली जात होती. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसने ब्रिटिश काळात त्यांची नोंद केली.

एका अश्विनात मी तिकडे गेलो होतो. डांबरी रस्ता सोडून माळाने निघालो आणि पुढे तीन पायवाटा फुटल्या. शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ हिवराखाली बसले होते.

“मामा, लेण्यांकडं हीच वाट का?”

“हीच हाय. पर वाट बघू नका, शेरडं बघा. ती जातेत तिकडंच उतार सोपा.”

त्यांच्या कळपातल्या शेळ्या बहुतेक काळ्या होत्या. धाराशिवच्याच जुन्या नावाच्या, उस्मानाबादी जातीच्या. दुष्काळ सोसणारी, बोरी-बाभळीच्या पाल्यावर राहणारी आणि बरेचदा जुळी देणारी म्हणून ही जात देशभर नावाजलेली आहे. मामांचे म्हणणे शंभर टक्के खरे निघाले. शेळी सरळ चढत नाही. उताराला आडवी जाते, घट्ट दगडावर पाय देते, वळणावर झुडूप असेल तर तिथे थांबते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खुरांनी डोंगराच्या अंगावर बारीक आडव्या रेघा पडलेल्या असतात. त्या रेघांवरून गेलो आणि न धापता लेण्यांसमोर उतरलो. आपण ज्याला पायवाट म्हणतो तिच्यातली निम्मी या जनावरांनी आखलेली असते. उरलेली पाणी आणायला जाणाऱ्या बायांनी.

घरी आल्यावर मोजे काढले, तर त्यांत पन्नासएक कुसळे अडकलेली. त्यातले एक मी ओल्या तळहातावर ठेवून पाहिले. कुसळ म्हणजे एका गवताचे बी. खालचे टोक सुईसारखे, त्याला मागे वळलेले बारीक केस, म्हणून आत गेले की बाहेर येत नाही. वर लांब काळपट शेपटी, पीळ दिलेल्या दोरीसारखी. तळहाताची ओल लागताच शेपटी हळूहळू फिरू लागली. पीळ उलगडत होता. पाणी सुकले तेव्हा ती पुन्हा उलटी फिरली. रात्री दव पडले की पीळ सुटतो, दिवसा ऊन पडले की पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेऱ्याला टोक मातीत थोडे आणखी शिरते. कोणी पेरत नाही. हे बी गिरमिटासारखे फिरून स्वत:ला पेरते. बोटभर माती असलेल्या माळावर ज्याला जगायचे त्याला काय काय शिकावे लागते! दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, अशी म्हण आपण रोज वापरतो. ते कुसळ हातावर घेऊन एकदा पाहायला हवे.

कुसळाबरोबर माळावर मारवेल असते, पवना असते, शेडा असतो. श्रावणात पोपटी, भाद्रपदात दाट, अश्विनात तांबूस, पौषात पांढरट. तरवडाची पिवळी फुले, मधेच एखादे बोराटीचे झुडूप, हिवर, सीताफळ. सीताफळ तर बालाघाटाचेच झाड वाटावे इतके इथे रुळले आहे. दिवाळीच्या आधी डोंगराच्या वाटेवर डोळे पडलेली फळे हाताला लागतात.

याच माळाला सरकारी कागदात ‘पडीक’ म्हटले गेले. इंग्रजांच्या काळापासून जिथून सारा मिळत नाही ती जमीन वाया गेलेली, असा हिशेब रुजला. त्यातून पुढची समजूत निघाली की इथे पूर्वी घनदाट जंगल होते, माणसांनी तोडले आणि उरला तो माळ. म्हणून झाडे लावा. ही समजूत चुकीची आहे, असे मला ठामपणे वाटते, आणि आता त्याला अभ्यासाचा आधार मिळाला आहे. अशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी मराठीतले जुने वाङ्मय, लोककथा आणि ओव्या यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. २०२५ मध्ये त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही गवत आणि काटेरी विरळ झाडे असलेला प्रदेशच होता, असे त्यातून दिसते. बालाघाटाचा माळ त्याच दख्खनी पट्ट्यातला. माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. माळ हा माळच आहे, आपल्या जागी पुरता भरलेला.

भरलेला कसा, ते पहाटे कळते. चंडोल उभा वर चढत जातो, गात गात, आणि दगड पडावा तसा खाली येतो. टिटवी ओरडते. तित्तर पायाजवळून उडतो आणि काळजाचा ठोका चुकवतो. थंडीत उत्तरेकडून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून इतके खालून तरंगत जातात की त्यांची सावली आणि ते एकच वाटतात. खोकड दिसते, तरसाचे पांढरे पडलेले शेण दिसते. लांडगा क्वचित दिसतो. दिसला तर तो आपल्याकडे पाहून सावकाश चालू लागतो, पळत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. माणसाच्या कमरेइतका उंच तो पक्षी आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याला झाडे नको होती. त्याला मोकळे गवत हवे होते, जिथे लांबवर दिसेल. ते आपण नांगरले, खणले, नाहीतर त्यात गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावून भरून टाकले.

आणि मग डिसेंबर २०२४ मध्ये एक वाघ आला. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात तो टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. म्हणजे चारशे-पाचशे किलोमीटर अंतर तोडून, महामार्ग, रेल्वे, उसाचे फड आणि गावेच्या गावे ओलांडून तो बालाघाटात पोहोचला होता. त्याला पकडून सह्याद्रीत नेण्यासाठी चंद्रपूरकडून पथकही आले. पशुपालकांची जनावरे गेली, त्यांची भीती आणि नुकसान खरे आहे, ते कोणी हलके मानू नये. पण इतक्या लांबचा वाघ इथवर येऊ शकला, याचा अर्थ ओढे, डोंगरधारा, गायराने आणि वनखात्याचे तुकडे मिळून अजून एक वाट शिल्लक आहे. ती वाट माणसांच्या नकाशात नाही. ती त्याने पायांनी शोधली.

रामलिंगचे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. लहानच. रामलिंगाचे देऊळ खोल घळीत आहे. वर माळाचे ऊन डोक्यात उतरत असते आणि पायऱ्या उतरून घळीत गेले की गारवा. धावडा, पळस, माकडांचे कळप, पावसाळ्यात धबधबा. सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायू इथे झुंजला, जखमी जटायूला पाणी पाजायला रामाने बाण मारून पाणी काढले, अशी कथा आहे. कोरड्या मुलखातल्या कथेत देवाचा पराक्रम असतो पाणी काढण्याचा! अभयारण्यात ठरलेल्या वाटेनेच जावे, एकट्याने आत शिरू नये आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडावे.

याच डोंगरातून बार्शी लाइट रेल्वे जायची. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती उभारली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. २००८ च्या सुमारास रुंद रूळ पडेपर्यंत ती धावत होती. घाट चढताना इतकी हळू चाले, की मुले उतरून शेजारून पळत, असे वडीलधारी माणसे सांगतात. चालणाऱ्याच्या वेगाने डोंगर दाखवणारी ती शेवटची गाडी.

येडशीहून उत्तरेला येरमाळा. तिथे टेकडीवर येडेश्वरी. चैत्र पौर्णिमेची यात्रा मोठी, आणि तिच्यातली एक रीत मला साऱ्या महाराष्ट्रात वेगळी वाटते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी टेकडीवरून खाली आमराईतल्या देवळाकडे निघते. वाटेतल्या रानात लाखो भाविक वाकून पांढरे खडे वेचतात. त्याला चुना वेचणे म्हणतात. ही चुनखडी साठवतात आणि देवीच्या देवळाला तिचाच चुना लावतात. दर वर्षी इतके हात वेचतात, तरी खडे संपत नाहीत, ही देवीची करणी अशी श्रद्धा आहे.

खडे कुठून येतात, तेही पाहण्यासारखे आहे. काळ्या खडकात कॅल्शियम असते. पावसाचे पाणी झिरपताना ते थोडेथोडे विरघळवून घेते. कोकणात हे पाणी सगळे वाहून समुद्राला गेले असते. इथे पाऊस कमी, ऊन कडक. पाणी जमिनीतच वर ओढले जाते, उडून जाते आणि मागे चुना राहतो. तो मातीच्या कणांभोवती जमत जातो, त्याचे खडे होतात. नांगराने आणि पावसाने ते वर येतात. कमी पाऊस ही ज्या मुलखाची व्यथा, त्याच कमी पावसाने घडवलेला खडा माणसे ओंजळीत घेऊन देवीला वाहतात. उन्हात अनवाणी वाकून खडे वेचणाऱ्या त्या गर्दीत एकदा चाललो, तेव्हा जमिनीकडे इतक्या लक्षपूर्वक बघणारी इतकी माणसे मी दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती.

चालणे इथल्या माणसांना कोणी शिकवलेले नाही. नवरात्राच्या आधी गावोगावची पोरे तुळजापूरला येतात, भवानीच्या देवळातून ज्योत पेटवून घेतात आणि ती न विझवता धावत आपल्या गावी नेतात. कोजागरीला सोलापूरकडून तुळजापूरला येणारा रस्ता रात्रभर माणसांनी भरलेला असतो. सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी घाटाचा चढ. आषाढीला शेगावची गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूरवरून जाते, पैठणची नाथांची पालखी परांड्यावरून. आणि याहून जुने म्हणजे तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाने या शहराचा उल्लेख आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथले कापड गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई, असे त्यात लिहिले आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात तिथे सापडलेल्या वस्तू आहेत. त्यातली हस्तिदंती बाहुली पाहिली की त्या दहा दिवसांच्या वाटेचे मोल कळते.

नळदुर्ग किल्ल्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. बोरी नदीला बांध घालून, बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये. नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. १८५३ नंतर काही वर्षे निजामाचा हा भाग इंग्रजांकडे होता, तेव्हा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक फिलिप मेडोज टेलर इथे कारभार पाहत असे. धबधबे पाहून लगेच परतू नका. तटावरून बोरीचे वळण पाहा. नदीने काळा खडक कापत किल्ल्याला तीन बाजूंनी कसे वेढले आहे, ते वरूनच दिसते.

माळावर फिरताना उताराला आडवे रचलेले दगडी बांध लागतात, लहानमोठे पाझर तलाव लागतात. कित्येक ठिकाणी त्यांवर गवत वाढले आहे, जाणाऱ्याला ते डोंगराचाच भाग वाटतात. यांतले बरेच १९७२ च्या दुष्काळातले. त्या साली पीक गेले, विहिरी आटल्या. माणसे दुष्काळी कामावर गेली. खडी फोडली, माती उपसली, मजुरीबरोबर सुकडी खाल्ली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. माझ्या आधीच्या पिढीतल्या बायांनी डोक्यावरून वाहिलेल्या पाट्यांनी हे बांध झाले आहेत. त्यांवर पाय देताना मी अजूनही क्षणभर थांबतो. आता वाशी-भूमच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्यासाठी डोंगर कापून रुंद रस्ते झाले. वीज हवीच आहे. पण माळ रिकामाच आहे, तिथे काहीही करा, हे गृहीतक त्यामागेही आहेच.

माळावर चालण्याचा हक्कही गृहीत धरता येत नाही. इंग्लंडात मोकळ्या डोंगरमाळावर फिरण्याचा हक्क लोकांना भांडून घ्यावा लागला. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या, जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केलेल्या माळावर चढले. काहींना तुरुंग झाला. मोकळ्या माळावर चालण्याचा कायदा व्हायला २००० साल उजाडले. आपल्याकडे वाटेचा हक्क जुनाच आहे, आपण तो विसरत चाललो आहोत. प्रत्येक महसुली गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. बांधावरून शेतात जायचा रस्ता शेतकऱ्याला १९६६ च्या जमीन महसूल संहितेतल्या १४३ व्या कलमाने मागता येतो. तरी शिवार चालून पाहा. एकेरी रेषेची वाट कुठे नांगराखाली गेली आहे, कुठे तारेच्या कुंपणात. ज्या वाटेवर पाय पडत नाहीत ती आधी गवतात जाते, मग बांधात आणि शेवटी वादात.

फिरायचे असेल तर गणपती ते दिवाळी हा काळ सर्वांत चांगला. मग पौषात हुरड्याच्या दिवसांत पुन्हा या. चैत्र-वैशाखात सकाळी नऊच्या आत परत फिरा, ऊन इथे माफ करत नाही. पाणी घरूनच न्या, ओढ्यावर विसंबू नका. दगडाळ माळावर फुरसे असते. ते वीतभर-हातभर लांब, मातीच्या रंगाचे आणि विषारी. म्हणून पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत आणि दगड उचलण्याआधी काठीने हलवून पाहावा. बरोबर कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा पुरतो. कोणाच्या शेतातून जायचे तर विचारून जा. आमच्याकडे विचारले की वाट मिळते, बरेचदा चहाही.

आणि निघण्याआधी एक करा. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा नकाशा काढून घ्या. त्यातली एकेरी तुटक रेषा शोधा, सुट्टीच्या दिवशी घरातल्या पोरांना बरोबर घ्या आणि ती रेषा एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत चालून या.